आवाज मागे उरतो

आमची नात टीव्हीवर डोरेमॉन बघत बसली होती. मी सहज विचारलं, "काय गं, हा निळा मांजरोबा कोणाच्या आवाजात बोलतो?" तिनं माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं, "आजोबा, डोरेमॉनच्याच आवाजात की!"

मी बरीच वर्षं रेडिओवर श्रुतिकांतून कामं केली. त्यामुळे हे उत्तर ऐकून बरंही वाटलं आणि जरा टोचलंही. पात्राच्या मागे कुणी माणूस आहे याचा पत्ताच लागू नये, हे आवाजाच्या नटाचं खरं यश. पण त्या यशात तो माणूस पुसला जातो, त्याचं काय? जपानमध्ये या व्यवसायाला 'सेइयू' असं स्वतंत्र नाव आहे. तिथल्या काही दिवंगत सेइयूंची आज आठवण करू या.

गोष्ट सुरू होते मूकपटांपासून. जपानी थिएटरात पडद्याशेजारी एक निवेदक उभा राहायचा. त्याला म्हणत 'बेन्शी'. तो कथा सांगे, सगळ्या पात्रांचे संवाद बोले, प्रेक्षकांना हसवी आणि रडवी. पुष्कळ लोक नटापेक्षा बेन्शीचं नाव वाचून तिकीट काढत. मग बोलपट आला आणि हजारो बेन्शींच्या पोटावर पाय आला. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांनी ज्यांना डोक्यावर घेतलं, त्या अकिरा कुरोसावांचे थोरले बंधू हेइगो हे असेच एक बेन्शी. काम जाऊ नये म्हणून झालेल्या संपात ते पुढे होते. 1933 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. तोकुगावा मुसेई हे त्या काळचे दुसरे नामवंत बेन्शी. त्यांनी मात्र रेडिओची वाट धरली. 1939 पासून त्यांनी 'मियामोतो मुसाशी' ही कादंबरी रेडिओवर वाचली आणि ते वाचन जपानभर गाजलं. 1971 मध्ये ते गेले.

रेडिओ जपानमध्ये 1925 साली आला. त्याच वर्षी कोळशाच्या खाणीत अडकलेल्या माणसांचं एक नाटक प्रक्षेपित झालं. श्रोत्यांना आधीच सांगितलं होतं, की घरातले दिवे मालवून ऐका. खाणीतला काळोख आणि खोलीतला काळोख एकच व्हावा, ही त्यामागची कल्पना. मला ती फार आवडते. त्या नाटकात बोलणारी मंडळी रंगभूमीवरची होती, आणि पुढेही कित्येक वर्षं हाच रिवाज राहिला. आवाजाचं काम करणारा माणूस आधी नाटकातला नट असे.

1953 साली टीव्ही सुरू झाला. चित्रपट कंपन्या आपले चित्रपट आणि आपले नट टीव्हीला द्यायला राजी नव्हत्या. मग रोजचे तास भरायचे कशानं? अमेरिकी मालिका आल्या आणि त्यांना जपानी आवाज हवे झाले. नाटक मंडळ्यांतल्या नटांना रंगभूमीवर पोटापुरतं मिळत नव्हतं, ते या कामाकडे वळले. सुरुवातीला हे डबिंग थेट प्रक्षेपणात चाले. वाक्य चुकलं, की ते तसंच घराघरांत पोचायचं. एवढं करूनही नाटकवाले या कामाला हलकं समजत. मोबदला तुटपुंजा, आणि मालिका पुन्हा दाखवली तरी वेगळे पैसे नाहीत. 1973 मध्ये हे कलाकार रस्त्यावर उतरले, त्यांनी संप केला, तेव्हा कुठे मोबदला वाढला.

या लढ्याचा विषय निघाला, की इचिरो नागाई यांचं नाव घ्यावंच लागतं. 'साझाए-सान' ही कौटुंबिक कार्टून मालिका 1969 पासून दर रविवारी संध्याकाळी जपानमध्ये लागते. तिच्यातल्या टकलावर एकच केस असलेल्या घरकर्त्याचा आवाज नागाईंचा. एवढ्या लोकप्रिय मालिकेत काम करूनही हाती काय पडतं, हे त्यांनी 1988 मध्ये एका लेखात आकड्यांसकट मांडलं. आपल्या पेशातली ओढाताण अशी चारचौघांत सांगायला धाडस लागतं. जानेवारी 2014 मध्ये कामासाठी हिरोशिमाला गेले असताना त्यांचं निधन झालं. वय 82. त्या वयातही ते कामावर होते. काही आठवड्यांतच दुसरे कलाकार त्या भूमिकेत बोलू लागले. मालिका थांबली नाही.

आता आपल्या मांजरोबाकडे येऊ. 1979 ते 2005 अशी 26 वर्षं जपानी डोरेमॉनचा आवाज होता नोबुयो ओयामा या बाईंचा. त्यांचा जन्म 1933 चा. आवाज लहानपणापासून घोगरा. शाळेत मुलं चिडवायची, म्हणून त्या गप्प गप्प राहू लागल्या. आईनं समजावलं, की आवाज झाकून ठेवलास तर तो आणखी दुबळा होईल, उलट वापर त्याला. ओयामा शाळेच्या प्रसारण मंडळात दाखल झाल्या, पुढे नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि 1957 मध्ये 'लॅसी' या कुत्र्याच्या अमेरिकी मालिकेच्या डबिंगमधून पदार्पण केलं. ज्या आवाजाला मुलं हसली, त्याच आवाजावर पुढे दोन पिढ्यांची मुलं जीव टाकू लागली.

डोरेमॉन कसा बोलेल, याचा त्यांनी बारकाईनं विचार केला होता. हा मुलांना सांभाळणारा यंत्रमानव, तेव्हा त्याच्या तोंडी शिवीगाळ शोभणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि पाळलं. 2005 मध्ये मुख्य पात्रांचे सगळेच आवाज एकदम बदलले. ओयामांची जागा वासाबी मिझुता यांनी घेतली. योगायोग बघा, आपल्याकडे हिंदीतला डोरेमॉन मुलांना भेटला तोही 2005 सालीच.

गादी चालवण्याची रीत प्रत्येक वेळी सारखी नसते. 'लुपिन' या चोराच्या कार्टूनला 1971 पासून आवाज देणारे यासुओ यामादा 1995 मध्ये गेले. त्यांच्या जागी आले कानिची कुरिता, जे यामादांची हुबेहूब नक्कल करणारे म्हणून प्रसिद्ध होते. तिथे जुना आवाज जपला गेला. डोरेमॉनच्या वेळी मात्र नव्या कलाकारानं आपल्याच ढंगात बोलायचं ठरलं. दोन्ही रीती लोकांनी स्वीकारल्या. मात्र दोन्हीकडे एक गोष्ट समान होती, नवा आवाज कुणा जिवंत माणसाचा होता.

ओयामाबाईंना पुढे स्मृतिभ्रंश झाला. 2015 मध्ये त्यांचे पती केइसुके सागावा यांनी ही गोष्ट जगाला सांगितली, आणि तीही रेडिओवरून. पत्नीची काळजी घेणारे सागावा 2017 मध्ये आधी गेले. त्याआधीच्या दोन वर्षांत काझुया तातेकाबे आणि कानेता किमोत्सुकी, म्हणजे जियान आणि सुनियो यांचे जुने आवाज, हरपले होते. 2024 च्या जुलैमध्ये नोबिताचा जुना आवाज, नोरिको ओहारा गेल्या. सप्टेंबरअखेर ओयामाही गेल्या, वय 90. ती बातमी जाहीर झाली ऑक्टोबरात. त्याच महिन्यात जपानी सेइयूंनी एक मोहीम सुरू केली. परवानगीवाचून कृत्रिम बुद्धिमत्तेनं आमच्या आवाजाची नक्कल करू नका, ही त्यांची मागणी. पूर्वी त्यांचं भांडण पैशाचं होतं. आता आपला आवाज आपलाच राहावा, एवढ्यासाठी त्यांना झगडावं लागतंय.

श्रुतिकांत माझ्या आईचं काम नेहमी करणाऱ्या एक बाई होत्या. त्या गेल्यावर त्यांच्या मुलानं मला आईचा आवाज मागितला. टेपा पुसून पुन्हा वापरण्याचे ते दिवस. खूप शोधलं, एकही टेप हाती लागली नाही. त्याला काय सांगावं, ते मला सुचलं नव्हतं. आज आवाज साठवायला जागेची वाण नाही. तो कुणाचा आहे हे लक्षात ठेवणं मात्र अजून आपल्याच हाती आहे.

नातीला मी ओयामाबाईंची ही गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि आपल्या हिंदी डोरेमॉनचं नाव काय, आजोबा?" मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं ते शोधायला बसलो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)