अंडाशयाचा कर्करोग

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस असणाऱ्या अंडाशयांत आढळणाऱ्या मारक अर्बुदांस (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे होणाऱ्या गाठींस) ही संज्ञा आहे. हा एकच रोग नसून भिन्न उगमाच्या रोगांचा समूह आहे. यांपैकी सु. ९०% अर्बुदे उपकलेपासून (आच्छादक कोशिकास्तरापासून) उद्‌भवलेली असतात.

उगम : अंडमोचनाच्या वेळी अंडाशयाच्या पृष्ठभागास होणारी इजा वारंवार भरून येताना कोशिका बिघडतात, असे मत ईजिप्तमधील वैद्य फतल्ला यांनी १९७१ मध्ये मांडले. गर्भारपण, स्तनपान व संततिप्रतिबंधक गोळ्या यांमुळे धोका कमी होतो, या निरीक्षणाशी ते जुळते. तथापि बीआरसीए जनुकांत उत्परिवर्तन असलेल्या स्त्रियांचे अवयव प्रतिबंधक शस्त्रक्रियेने काढून बारकाईने तपासले असता, प्रारंभिक विकृती पुष्कळदा अंडाशयात नव्हे, तर अंडवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी आढळली. सर्वांत जास्त आढळणारा व घातक असा उच्च श्रेणीचा लसी प्रकार बहुधा तेथेच सुरू होतो. त्यामुळे रोगाचे रूढ नाव काहीसे फसवे ठरते. या प्रकारात टीपी ५३ जनुक जवळजवळ नेहमीच बिघडलेले असते. कमी श्रेणीचा लसी प्रकार मात्र सीमावर्ती अर्बुदांतून सावकाश वाढतो.

अंतर्गर्भाशयकलाभ व स्वच्छ कोशिका या प्रकारांचे मूळ अनेकदा गर्भाशयाच्या अस्तराचे ऊतक अंडाशयात रुजण्याच्या विकृतीत असते. श्लेष्मी प्रकाराचे निदान करताना जठर वा आतड्यातील कर्करोगाचा तो प्रक्षेप नाही, याची खात्री करावी लागते. जननकोशिकांची अर्बुदे मुलींत व तरुणींत आढळतात. ती झपाट्याने वाढत असली, तरी उपचारांस उत्तम प्रतिसाद देतात. कणकोशिका अर्बुद स्त्रीमदजन (एस्ट्रोजेन) स्रवत असल्याने ऋतुनिवृत्तीनंतरही रक्तस्राव होऊ शकतो.

प्रसार : सुट्या झालेल्या कोशिका पर्युदरातील द्रवाबरोबर वाहत जाऊन वपाजाल, मध्यपटल व आतड्यांचा पृष्ठभाग यांवर रुजतात आणि जलोदर होतो. पोट फुगणे, थोडे खाताच पोट भरणे व वारंवार लघवी होणे ही लक्षणे वात वा अपचन म्हणून सहज दुर्लक्षिली जातात. वडूजसारख्या गावातील स्त्रीने ती आठवड्यांमागून आठवडे टिकल्यास श्राव्यातीत ध्वनिचित्रण (सोनोग्राफी) करून घेणे इष्ट होय. लक्षणे नसलेल्या स्त्रियांची सरसकट तपासणी मात्र उपयोगी ठरलेली नाही. ब्रिटनमधील दोन लाखांवर स्त्रियांच्या चाचणीत तिच्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्रामीण महाराष्ट्रात रूढ असलेल्या स्त्री-नसबंदीत अंडवाहिन्या बांधल्या जातात. तिच्यामुळे या रोगाचा, विशेषतः अंतर्गर्भाशयकलाभ व स्वच्छ कोशिका प्रकारांचा, धोका कमी होतो.