साताऱ्या-सांगलीच्या भटकंतीला फिल्म कॅमेरा कोणता घ्यावा?

माळ्यावर आजोबांचा आग्फा क्लिक-थ्री सापडला? तो १२० फिल्मवर चालतो, म्हणजे मीडियम फॉरमॅटच. एका रोलवर १२ चौकोनी फोटो. निगेटिव्ह ३५ मिमीच्या साधारण साडेतीनपट. वजनाला हलका, बॅटरी लागत नाही. पण लेन्स साधी आणि शटरचा वेग ठरलेला. उन्हात कृष्णाकाठी, सांगलीच्या आयर्विन पुलावर तो चालेल. सप्टेंबरच्या धुक्यात कास पठारावर मात्र कमी पडेल.

मग पर्याय काय?

हॅसलब्लाड ५०० सीएम : सुमारे दीड किलो. गडाच्या पायऱ्यांवर खांदा दुखतो.
याशिका मॅट १२४जी : सुमारे १ किलो. बॅटरी फक्त मीटरला.
आग्फा आयसोलेट : साधारण अर्धा किलो. घडी करून जॅकेटच्या खिशात मावतो.

प्रवासाला आयसोलेटसारखा घडीचा कॅमेराच बरा. पण घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत त्याच्या भात्यात टॉर्च लावून बघा. बाहेर उजेडाचा एक ठिपका दिसला, तरी रोल वाया जाऊ शकतो. १ सेकंदाचं शटर अडकत नाही ना, फोकसची रिंग फिरते ना, हेही तपासा. उजेड मोबाइलच्या ॲपवर मोजता येतो.

आणि फुलांचे क्लोज-अप हवे असतील, तर मोबाइलच काढा. हे कॅमेरे साधारण मीटरभराच्या आत फोकस होत नाहीत.