पर्जन्यछायेतील गाव : म्हसवड

सिल्वासासारख्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्यांना पावसाचे दुर्भिक्ष म्हणजे काय, हे बहुधा पुस्तकातूनच समजून घ्यावे लागते. ज्येष्ठ सरता सरता आपले आभाळ भरून येते, दमणगंगा दुथडी वाहू लागते, आणि वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आपल्या पदरी पडतो. त्यामुळे भूगोलाच्या तासाला ‘वाळवंट’ हा शब्द उच्चारला की थरमधील वाळूच्या टेकड्या आणि उंटांचे तांडे एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु रुक्ष प्रदेशाचे स्वरूप जाणून घेण्यासाठी राजस्थानापर्यंत जाण्याचे कारण नाही. ज्या सह्याद्रीच्या पायथ्याशी आपण राहतो, त्याच सह्याद्रीच्या पलीकडे, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात म्हसवड नावाचे गाव आहे. त्याचा परिचय करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शास्त्रीय अर्थाने म्हसवड हे वाळवंट नव्हे. जेथे वर्षाला सुमारे २५० मिलिमीटरांहून कमी पाऊस पडतो, अशा प्रदेशास सामान्यतः वाळवंट म्हणतात. म्हसवडला सरासरीने सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून त्या भागाची गणना अर्धशुष्क प्रदेशात होते. तथापि सरासरी हा शब्द फसवा आहे. एखाद्या वर्षी पाऊस सरासरी ओलांडतो, तर एखाद्या वर्षी तिच्या निम्म्यावरही येत नाही. आणि शेतकऱ्याला सरासरीवर पीक काढता येत नाही.

आता आश्चर्य पाहा. ज्या सातारा जिल्ह्यात म्हसवड आहे, त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरही आहे. तेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. या दोन गावांमधील अंतर सरळ रेषेत अवघे १२० किलोमीटर भरेल. एवढ्याशा अंतरात पाऊस दहा-अकरा पटींनी का घटावा ?

याचे उत्तर वारा आणि डोंगर यांच्या परस्परसंबंधात आहे. जून महिन्यात अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे बाष्पाने भरलेले असतात. सह्याद्रीची भिंत आडवी येताच त्यांना वर चढावे लागते. हवा वर चढली म्हणजे प्रसरण पावते व थंड होते. कोरडी असेल तर दर १०० मीटरांस सुमारे एक अंश सेल्सिअस या प्रमाणात तिचे तापमान उतरते. थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची शक्ती कमी असते. त्यामुळे ढग बनतात आणि ते पश्चिमेच्या उतारावर व माथ्यावर आपला भार टाकून मोकळे होतात. माथा ओलांडलेला वारा पूर्वेकडे खाली उतरू लागला की क्रिया उलटी होते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते आणि तिच्यातील सापेक्ष आर्द्रता घटते. ढग आकाशातून जाताना दिसतात, पण बरसत नाहीत. महाबळेश्वरपासून अठरा-एकोणीस किलोमीटरांवर असलेल्या पाचगणीस पाऊस निम्म्याहूनही कमी पडतो, घाट उतरून वाईला आलो की तो आणखी घटतो, आणि म्हसवडला तर मोसमी वाऱ्याचा जवळजवळ कोरडा झोतच पोहोचतो. डोंगराच्या अशा वाऱ्याआडच्या बाजूस ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणतात.

म्हसवडचा खरा भरवसा असतो तो परतीच्या पावसावर. सप्टेंबर-ऑक्टोबरात विजांच्या कडकडाटासह येणाऱ्या सरी तेथील ज्वारीच्या पेरणीला ओल देतात. त्या चुकल्या की वर्ष चुकले. उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते. हिवाळ्यात मात्र रात्री बोचऱ्या थंडीच्या असतात; कारण निरभ्र आणि कोरड्या हवेतून जमिनीची उष्णता चटकन निघून जाते.

जमिनीचीही साथ बेताचीच. माळावर मातीचा थर पातळ, त्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. थोड्या वेळात जोराने पडलेले पाणी मुरण्यापूर्वीच वाहून जाते. बाभूळ, बोर, तरवड, निवडुंग यांसारख्या थोड्या ओलीवर तगणाऱ्या वनस्पतीच तेथे निभावतात. गावाजवळून माणगंगा वाहते. या नदीवरूनच त्या मुलखास माणदेश म्हणतात. परंतु वर्षाचा बराच काळ तिचे पात्र कोरडेच असते. आपली दमणगंगा सह्याद्रीवरून पश्चिमेस उतरून दमणजवळ अरबी समुद्रास मिळते, तर माणगंगा पूर्वेकडे जाऊन भीमेला मिळते. तिचे पाणी पुढे कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते.

अशा मुलखात माणसे जगतात ती हिशेबाने. शेतीच्या जोडीला मेंढपाळी हा तेथील जुना व्यवसाय, आणि मेंढरांच्या लोकरीपासून घोंगडी विणणे हा त्याचाच विस्तार. चारा संपला की धनगर आपले कळप घेऊन गाव सोडतात. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून म्हसवडजवळ राजेवाडीच्या मोठ्या तलावाचे काम काढण्यात आले. त्यानंतरही दुष्काळ थांबले नाहीत. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे, आणि २०१२-१३ मध्ये गुरे वाचविण्यासाठी छावण्या उघडाव्या लागल्या. अलीकडे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील उरमोडी नदीचे पाणी उपसून माण तालुक्याच्या काही भागांपर्यंत नेले गेले आहे. डोंगराने अडविलेला पाऊस अशा रीतीने माणसाने पलीकडे पोहोचविला. शिवाय अनेक गावांनी उतारावर समतल चर खणून आणि ओढ्यांवर बंधारे घालून पाणी जमिनीत जिरविण्याचा उद्योग आरंभिला आहे.

येथे थोडे गणित करू. एक हेक्टर जमिनीवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी ५० लाख लिटर होते. कोरड्या म्हणविणाऱ्या म्हसवडच्या शेतावरही एवढे पाणी पडते. प्रश्न ते किती काळ टिकते हा आहे. आपल्याकडे तेवढ्याच जमिनीवर दोन कोटी लिटर पाणी पडते. तरीही वैशाखात आपल्या डोंगराळ पाड्यांवरील विहिरी तळ गाठतात आणि आयाबहिणींना हंडे घेऊन दूरवर जावे लागते. कारण आपलाही पाऊस चार महिन्यांतच येतो, आणि उतारावरचे पाणी झाडांनी वा बांधांनी अडविले नाही तर ते तडक समुद्राची वाट धरते. डोंगर कोणत्या बाजूस असावा हे आपल्या हाती नाही. पडलेले पाणी थांबविणे मात्र म्हसवडकरांच्या जेवढे हाती आहे, तेवढेच आपल्याही आहे.

पुढील पावसाळ्यात विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. आपल्या घराच्या छपराची लांबी-रुंदी मोजावी, तिला पावसाच्या उंचीने गुणावे. शंभर चौरस मीटरांच्या छपरावर दोन हजार मिलिमीटर पावसात दोन लाख लिटर पाणी पडते. त्यातले किती आपल्या अंगणात मुरले व किती गटारातून गेले, याची नोंद वहीत करावी. ती वही वैशाखात पुन्हा उघडली, म्हणजे भूगोलाचा हा धडा पुरा होईल.