ऐकणारा पडद्याच्या आत हवा

2015 च्या दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकावरचा चित्रपट लागला आणि ज्यांनी आयुष्यात एकही संगीत नाटक पाहिलं नव्हतं अशी पोरं नाट्यपदं गुणगुणू लागली. या यशाचं श्रेय कुणी अभिषेकीबुवांच्या चालींना दिलं, कुणी शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या गाण्यांना, कुणी जुन्या आठवणींच्या ओढीला. तिन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. चाली काही फक्त ‘कट्यार’च्याच उत्तम होत्या असं नाही आणि आठवणींची ओढ तर प्रत्येक गाजलेल्या नाटकाला असते. हे नाटक पडद्यावर तरलं त्याचं मुख्य कारण त्याच्या कथेतच दडलेलं आहे, असं मला वाटतं. या कथेत माणसं गातात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसं ऐकतात.

संगीत नाटकातलं पद कथेच्या गरजेपुरतं कधीच नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, त्यात दोनशेच्या आसपास पदं होती. पुढे गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी नटलेलं खाडिलकरांचं ‘मानापमान’ 1911 मध्ये आलं आणि पदांची संख्या घटली तरी एकेका पदाचा विस्तार वाढत गेला. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले, तेव्हा भामिनी आणि धैर्यधराचं पुढे काय होतं हे जाणून घ्यायला कोण आलं असेल? प्रेक्षक दोन गळे ऐकायला आले होते. ‘वन्स मोअर’ आला की भामिनीचा राग, रुसवा सगळं जागच्या जागी थांबायचं आणि तेच पद नव्या हरकती घेऊन पुन्हा सुरू व्हायचं. तबलजी आणि ऑर्गनवाला नटाच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसलेले. म्हणजे पद किती चालायचं हे नट आणि प्रेक्षक मिळून त्या रात्रीपुरतं ठरवत. चित्रपटात तोच निर्णय संकलकाच्या टेबलावर, कित्येक महिने आधी होऊन गेलेला असतो. अडचणीचं मूळ इथे आहे. गाण्यांची संख्या, पौराणिक भाषा, रंगवलेले पडदे या गोष्टींवर मार्ग निघतो.

बालगंधर्वांचाच दाखला पाहा. प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये, 1935 साली, ते एकनाथ झाले होते. तो चित्रपटासाठीच लिहिलेला विषय होता. 1937 मध्ये बाबूराव पेंटरांनी ‘साध्वी मीराबाई’ केला, त्यात रंगभूमीवरची मीराच जवळपास जशीच्या तशी कॅमेऱ्यापुढे आली. बालगंधर्व तेव्हा पन्नाशीला टेकले होते. चित्रपट पडला. वय आणि स्त्रीवेष कॅमेऱ्याने उघडा पाडला, हे नेहमीचं स्पष्टीकरण खरंच आहे. मात्र त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट मोजायला हवी. थिएटरात त्यांच्या प्रत्येक जागेला दाद मिळायची आणि त्या दादेवर पुढची जागा उभी राहायची. स्टुडिओत ती दाद नव्हती. चित्रपटानेही तिच्या बदल्यात दुसरं काही उभं केलं नाही. याच्या आदल्याच वर्षी, 1936 मध्ये, प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला होता. विष्णुपंत पागनीसही स्त्रीभूमिका करत आलेले रंगभूमीचेच नट. फरक असा की त्यांचा तुकाराम गाऊ लागला की देहूची माणसं, जिजाई, पोरंबाळं ते गाणं ऐकत असतात, त्यावर बदलत असतात. (त्यातला शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग लोकांना तुकोबांचाच वाटला. चित्रपटाच्या गीतकाराला याहून मोठी पावती कोणती मिळणार!) ‘तुकाराम’ हे नाटकाचं रूपांतर नव्हे, हे मान्य. पण रंगभूमीच्या गळ्याला पडद्यावर काय लागतं, ते त्यातून दिसतं.

आता ‘कट्यार’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक 1967 चं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. विश्रामपूरच्या दरबारी गवयाचं पद कोणाला, यावर कथा उभी असल्यामुळे गाणं हीच घटना ठरते. गाणं शिकू पाहणाऱ्या सदाशिवला खाँसाहेब शिकवणार नाहीत, म्हणून तो त्यांच्याच हवेलीत नोकर होऊन राहतो आणि चोरून ऐकतो. ऐकणं हेच इथलं कारस्थान आहे. सुबोध भावे यांच्या चित्रपटाने याचा पुरेपूर फायदा घेतला. नाटकातल्या कवी बाँकेबिहारींकडचं निवेदन काढून प्रत्यक्ष कट्यारीला दिलं, रीमा लागूंच्या आवाजात. दरबारातली स्पर्धा डोळ्यांसमोर घडवली. शेंदराने खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी असलेल्या पंडितजींचा आवाज जातो, गळा उघडतो पण सूर येत नाही, आणि आपण हे त्या दरबारात बसलेल्यांबरोबर पाहतो. थिएटरातला श्रोता असा कथेच्या आत जाऊन बसला. गमतीचा भाग म्हणजे तिन्ही गवयांपैकी फक्त शंकर महादेवन यांचे पंडितजी स्वतःच्या गळ्याने गातात. सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांचा गळा राहुल देशपांडेंचा, तर सदाशिवचा महेश काळे यांचा. वसंतरावांच्या बाबतीत अशी विभागणी कोणाला सुचलीही नसती. तरीही प्रेक्षकाला ती खटकली नाही, कारण त्याचं लक्ष गाण्याचा परिणाम कुणावर काय होतो यावर होतं.

यावर कुणी म्हणेल, हिंदी सिनेमात नायिका डोंगरावर गाते तेव्हा तिथे कोण ऐकायला असतं? आक्षेप वजनदार आहे. मात्र ते गाणं जन्मतःच चार-पाच मिनिटांचं, ध्वनिमुद्रिकेच्या मापाचं असतं आणि त्याचं चित्रीकरण हीच त्याची मैफल असते. नाट्यपद कापून त्या मापात बसवलं तर हाती चाल उरते आणि विस्तार गळतो; विस्तार ठेवला तर पडदा खोळंबतो. दुसरा तोडगा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. 1964 च्या ‘माय फेअर लेडी’त रेक्स हॅरिसन यांनी आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला; त्यांच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवावा लागला. 2012 च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये तर नट कानातल्या पियानोच्या साथीवर सेटवरच गायले. त्यामुळे नटाला लयीचं स्वातंत्र्य परत मिळालं, हा मोठाच लाभ. दाद मात्र परत मिळाली नाही. मग सरळ नाट्यप्रयोगच का चित्रित करू नये? अवश्य करावा, दस्तऐवज म्हणून त्याचं मोल फार आहे. फक्त त्यात टाळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी असतात आणि आपण त्या रात्रीचे पाहुणे ठरतो.

जुन्या रसिकांची तक्रार वेगळी आहे: ‘घेई छंद’ पाच मिनिटांत उरकणं म्हणजे विटंबना. मला ही तक्रार अर्धीच पटते. नाट्यपद तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर गेलं तेव्हाच कापलं गेलं होतं, आणि त्या कापलेल्या पदांनीच ते घराघरांत पोचवलं. पण अर्धी तक्रार उरतेच. भावे यांनीच 2025 मध्ये ‘संगीत मानापमान’ केला, संगीतकारही पुन्हा शंकर-एहसान-लॉय. ‘कट्यार’भोवती जमलेला उत्साह मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. भामिनी गवई नाही, धैर्यधर सेनापती; त्यांच्या गाण्यावर कथेत कुणाचंही काही अवलंबून नाही. रंगभूमीवर ही उणीव प्रेक्षागृह भरून काढत असे. पडद्यावर ती भव्य सेट आणि नव्या चालींनी भरून निघत नाही.

म्हणून पुढचं नाटक निवडताना देवलांच्या ‘संशयकल्लोळ’कडे आधी पाहावं, असं मी म्हणेन. रेवतीचा व्यवसायच गाण्याचा. तिच्या घरी येणारा अश्विनशेठ तिचं गाणं ऐकतो, म्हणजे श्रोता देवलांनी आधीच लिहून ठेवला आहे. ‘सौभद्र’ त्या मानाने अवघड. सुभद्रा आपलं दुःख एकटीच गाते. ते ऐकणारा कृष्ण आडोशाला उभा करायचा, तर सगळं माहीत असूनही तो इतकी पदं गप्प का राहतो, हे पटकथाकाराला नव्याने रचावं लागेल.