‘बघू’ म्हणजे हो की नाही?

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. बॅग खांद्याला लावत मी शेजारच्या डेस्कवर म्हटलं, ‘‘सोमवारचं प्रेझेंटेशन जरा बघशील?’’ तो म्हणाला, ‘‘हो.’’ सोमवारी विचारलं, तर म्हणे, ‘‘बघितलं. चौथ्या स्लाइडवर बेरीज चुकलीय.’’ अरे बाबा, मला ते पूर्ण करून हवं होतं! सटकलीच माझी. बॉसकडे जाऊन ‘अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम’ असा शिक्काही मारून आले.

नंतर एकदा चहा घेताना त्यानेच सांगितलं, की तो ऑटिस्टिक आहे. ‘‘करून दे, असं तू म्हणालीच नव्हतीस.’’ खरंच नव्हते म्हणाले.

अशा वेळी ‘त्यांना’ संवाद जमत नाही, असं आपण धरून चालतो. पण टाळी एका हाताने वाजत नाही, बॉस! ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२मध्ये त्यांनी ‘डबल एम्पथी प्रॉब्लेम’ मांडला. त्यांना आपण कळत नाही, तसे तेही आपल्याला कळत नाहीत.

२०२०मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ७२ जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळेच ऑटिस्टिक असलेल्या गटांनी इतरांइतकीच नीट गोष्ट पोचवली. गळती झाली ती मिश्र गटांत. २०२५मध्ये ३११ जणांवरच्या मोठ्या प्रयोगात तर मिश्र गटही मागे पडले नाहीत. म्हणजे गळतीचा प्रश्न अजून खुला आहे. पण दोन्ही वेळा ऑटिस्टिक माणसं माहिती पोचवण्यात कमी पडली नाहीत.

मग घोडं अडतं कुठे? २०१७मध्ये अमेरिकेत नोआ सॅसन यांच्या टीमने ऑटिस्टिक व्यक्तींच्या छोट्या क्लिप्स लोकांना दाखवल्या. काही सेकंदांतच नापसंती! तेच बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं, तेव्हा मात्र हा फरक उरला नाही. शब्दांत खोट नव्हतीच. आपण आवाज आणि हावभाव बघून निकाल लावत होतो. मीही तेच केलं होतं.

मी बॉसकडे परत गेले आणि माझे शब्द मागे घेतले. अवघड गेलं, पण गेले.

आता मी सरळ लिहिते, ‘स्लाइड ४ ते ९ तू बनव, सोमवारी ११पर्यंत.’ आणि मी ‘बघू’ म्हटलं, की तो विचारतो, ‘‘हो की नाही?’’

दर वेळी मलाच दोन सेकंद विचार करावा लागतो.