युनिट गेलं, रक्कम तीच राहिली

वाशीम जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. आठ वर्षांनी त्याच तारखेला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांना 3,750 कोटींचं पॅकेज दिलं. वाशीम त्यात होता, म्हणजे त्यातला मानोरा तालुकाही आला. या विषयावरच्या गाजलेल्या सिनेमांत मात्र मानोऱ्याला नाव मिळालं नाही. ते शेजारच्या यवतमाळनं नेलं.

2006 आधी पडद्यावर कास्तकार असायचा तो बहुधा पाटलाच्या वाड्यापुढं हात जोडायला. ती वर्षं सोडून दिलेली बरी.

2006 नंतर कॅमेरे आले. कोरडवाहू मुलखात शूटिंग करणं सोपं नव्हे. काळ्या मातीत दोन सरी पडल्या की जनरेटरची गाडी रुतते, आठवडाभर थांबावं तर पऱ्हाटी वाढते आणि आधीचा शॉट जुळत नाही. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009) या मातीतला. शेजाऱ्यानं जीव दिलेला. आता आपल्या किसनाचं काही होऊ नये म्हणून अलका त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला मागं धाडते, घरात पैसा नसताना पुरणपोळी करते. गिरीश आणि सोनाली कुलकर्णी यांनी ती धास्ती हसवत हसवत अंगावर आणली. रॉटरडॅमच्या महोत्सवात सिनेमा गेला. इथल्या तालुक्यांना टीव्हीवर लागेपर्यंत वाट पाहावी लागली असणार.

पुढच्याच वर्षी शेतकरी आत्महत्येवरचा 'पीपली लाइव्ह' आला, तो मध्य प्रदेशात चित्रित झालेला. विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी बंदीची मागणी केली. ती चुकीचीच होती. सिनेमाचा निशाणा वाहिन्यांवर होता. पण चिडण्यामागचं दुखणं खरं होतं. मिका पेलेड यांचा 'बिटर सीड्स' अमेरिकेतून आला, बीटी कापसाची गोष्ट सांगून गेला. मग विषय जुना झाला, युनिटं थांबली. उरली विनोदी मालिकेतली वऱ्हाडी, तीही ओढूनताणून.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मागं राहिलेल्या इथल्या बाया स्वतः उभ्या राहिल्या ते 'तेरवं' नाटकात. त्यात काम करणाऱ्या वैशाली येडे यांच्या हस्ते 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी त्या यवतमाळ-वाशीममधून लोकसभेला उभ्या राहिल्या. मानोऱ्याचंही मत तिथंच पडतं. 2024 मध्ये 'तेरवं' सिनेमा आला.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर सरकारी मदतीला 'पात्र' ठरलेल्या कुटुंबाला 2006 मध्ये 1 लाख मिळत, 2025 मध्येही तेवढेच. यावर सिनेमा काढणाऱ्यानं संवाद इथल्या बायांकडून तपासून घ्यावेत, आणि पहिला खेळ मानोऱ्याच्या बाजारात पडदा बांधून लावावा.