क्रिप्टो विकले, पैसे आले… आणि खातं गोठलं!

सांगलीतला एखादा तरुण पी-टू-पी म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीला विकण्याच्या पद्धतीने यूएसडीटी हे क्रिप्टो विकतो. यूपीआयवर पन्नास हजार जमा होतात, व्यवहार संपतो. काही दिवसांनी एटीएममधून पैसे निघत नाहीत. बँकेत गेल्यावर कळतं, परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठवलंय. समोरच्याने दिलेले पैसे कुणालातरी फसवून लाटलेले होते. फसवल्या गेलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पैशांचा माग या खात्यापर्यंत आला. विकणारा निर्दोष असला तरी ते सिद्ध करण्याची धावपळ त्यालाच करावी लागते.

क्रिप्टो बाळगणं भारतात गुन्हा नाही. क्रिप्टो व्यवहारांबाबत बँकांवर निर्बंध घालणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. पण क्रिप्टो हे कायदेशीर चलनही नाही.

खरा फटका कराचा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. तोटा वजा होत नाही, आणि अनेकांना हेच ठाऊक नसतं. बिटकॉइनमध्ये एक लाख कमावले, इथरमध्ये ऐंशी हजार गमावले, तर हातात उरले वीस हजार; कर मात्र ३१,२०० रुपये! शिवाय विक्रीवर १ टक्का टीडीएस. पी-टू-पीमध्ये तो कापून भरण्याची जबाबदारी सहसा खरेदीदारावर येते.

म्हणून मित्रांनो, खातं गोठलंच तर निर्दोषत्व दाखवता यावं यासाठी प्रत्येक व्यवहाराचे चॅट, ऑर्डर क्रमांक आणि बँक स्टेटमेंट जपून ठेवा. त्रयस्थाच्या खात्यातून आलेले पैसे स्वीकारू नका.